दात जबड्यात टांगलेला असतो

भोकरदनला केळना नदीच्या काठी जुन्या वस्तीची पांढरी आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं आणि शां. भा. देव व र. श. गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी छापला. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन ते हेच. सांची आणि भारहुतच्या दानलेखांत इथल्या माणसांचे उल्लेख आहेत. या मातीतून हस्तिदंतात कोरलेल्या स्त्रीमूर्ती निघाल्या. त्यांची घडण पॉम्पेईला १९३८ साली सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या मूर्तीशी जुळते. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. ती भोकरदनलाच घडली असावी, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं मत होतं.

इतिहासाच्या अभ्यासकाला या मूर्तींमध्ये व्यापारी मार्ग दिसतो. मला त्यांत दात दिसतो. हस्तिदंत म्हणजे खरोखरच दात आहे, शिंगासारखी काही वेगळी वस्तू नाही. आपण हत्तीचे ‘सुळे’ म्हणतो, पण शरीरशास्त्राच्या हिशेबात ते वरच्या जबड्यातले पटाशीचे दात. कारागीर ज्यात कोरतो ते डेंटिन, म्हणजे आपल्याही दाताचा मुख्य भाग ज्या पदार्थाचा असतो तोच. एवढा लांब आणि जड दात हत्ती ओंडके ढकलताना, झाडाची साल सोलताना वापरतो, तरी तो कवटीतून निसटत नाही. त्याचा बराच मोठा भाग कवटीच्या आत खोबणीत असतो आणि तिथे तो धरून ठेवणारी व्यवस्था मूलतः तुमच्या-माझ्या दाढेसारखीच आहे. ती व्यवस्था नीट समजून घेतली, तर दातांविषयीच्या बऱ्याच घरगुती समजुती आपोआप गळून पडतात.

सगळ्यात मोठी समजूत ही, की दात हाडात घट्ट ठोकून बसवलेला असतो. तसं नाही. निरोगी माणसाच्या तोंडातला एकही दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यात सर्व बाजूंनी एक फट असते. तिची रुंदी साधारण ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर, म्हणजे वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली तर होईल एवढी. ही फट रिकामी नसते. तिच्यात कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे जुडगे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पेशी आणि द्रव भरलेला असतो. याला डॉक्टर पेरिओडाँटल लिगामेंट म्हणतात. आपण दंतबंध म्हणू.

हा दंतबंध डोळ्यांनी पाहायची संधी एकदाच येते, दात काढल्यावर. डॉक्टर ट्रेमध्ये ठेवतात तो दात पुढच्या वेळी जरा वाकून बघा. वरचा चमकदार भाग तोंडात दिसतो तो. त्यावर एनॅमल असतं, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली दाताची मान, आणि मग पिवळसर, निमुळतं होत गेलेलं मूळ. तोंडात दिसणाऱ्या भागापेक्षा मूळ बहुधा लांबच असतं. सुळ्याचं मूळ सर्वांत लांब, म्हणून सुळा शेवटपर्यंत टिकून राहिलेली म्हातारी माणसं पुष्कळ दिसतात. पटाशीच्या दातांना आणि सुळ्यांना एकेक मूळ, खालच्या दाढांना दोन, वरच्या दाढांना तीन. या मुळावर लालसर मांसल चिंध्या लोंबत असतात. लोकांना वाटतं ती हिरडी निघून आली. तो फाटलेला दंतबंध असतो. त्याचा उरलेला अर्धा भाग तुमच्या जबड्यात, खोबणीच्या भिंतीवर राहिलेला असतो.

म्हणूनच कसलेला डॉक्टर दात उपटत नाही. तो आधी चिमट्याने दात धरून बाहेर-आत, बाहेर-आत असा सावकाश डोलवतो. वरच्या पुढच्या दाताचं मूळ गोल निमुळतं असतं, तिथे थोडा पीळही देतो. या डोलवण्याने खोबण किंचित रुंदावते आणि तंतू एकामागून एक तुटतात. ते तुटले की दात जवळजवळ स्वतःहून वर येतो. बघणाऱ्याला वाटतं डॉक्टरने जोर लावला; खरं तर त्याने वेळ लावलेला असतो.

आता दंतबंध दोन्ही टोकांना बांधलेला कसा असतो ते पाहू. मुळाच्या बाहेरून सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. मानेजवळ तो अगदीच पातळ, टोकाकडे थोडा जाड. त्याची घडण हाडासारखी, पण त्यात रक्तवाहिन्या नसतात. समोरच्या बाजूला खोबणीचं हाड. कोलॅजनचे तंतू एका टोकाला सिमेंटममध्ये आणि दुसऱ्या टोकाला हाडात शिरतात आणि त्यांच्याभोवती खनिज साचून ती टोकं आतच पक्की होतात. हाडात रुतलेल्या या टोकांना विल्यम शार्पी या एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने शार्पीचे तंतू म्हणतात. सिमेंट ओतताना सळई आत ठेवावी तसं, पण इथे सळई मऊ आणि सिमेंट जिवंत पेशींनी केलेलं.

तंतूंची दिशा सगळीकडे सारखी नसते. खोबणीच्या ओठाशी काही तंतू दात वर उचलला जाऊ नये म्हणून खाली ओढतात, काही आडवे असतात, ते दात बाजूला कलू देत नाहीत. मुळाच्या टोकाशी चहूकडे पसरलेले असतात. दोन-तीन मुळांच्या दाढेत मुळांच्या मधल्या हाडातूनही तंतू निघतात. पण संख्येने सर्वांत जास्त, आणि कामानेही मुख्य, ते तिरपे तंतू. खालच्या दाढेत ते हाडावर उंच बांधलेले आणि दाताच्या मुळावर खाली बांधलेले असतात. म्हणजे दात त्यांच्यावर चक्क टांगलेला असतो.

या टांगण्यातच सगळी करामत आहे. मोठ्या माणसाच्या दाढा कचकन चावल्या तर ५० ते ७० किलो वजनाइतका दाब देऊ शकतात. दात हाडावर थेट टेकलेला असता, तर मुळाच्या टोकाखालचं हाड रोज चिरडलं गेलं असतं. हाडाला सततचा दाब सोसत नाही. दाब पडला की ते झिजतं. ओढ मात्र त्याला मानवते. सुतळीच्या बाजेवर माणूस बसला की सुतळी दबते, पण चौकटीला जाणवते ती ओढच. तसंच इथे होतं. दात खाली जाऊ पाहतो, तिरपे तंतू ताणले जातात आणि दाबाचं बरंचसं रूपांतर खोबणीच्या भिंतीवरच्या ओढीत होतं.

तंतू सुरुवातीला सरळ ताणलेले नसतात, त्यांना बारीक लाटा असतात. त्यामुळे दाताची पहिली हालचाल मऊ आणि सोपी होते, लाटा सरळ झाल्या की तंतू ताठरतात आणि मग दात फारसा हलत नाही. शिवाय फटीतला द्रव आणि रक्त दाबाखाली हळूहळू बाजूला सरतं आणि दाब गेला की परत येतं. त्यामुळे झटका बसत नाही. हा रक्तपुरवठा इतका भरपूर आहे, की निरोगी दातही नाडीच्या ठोक्याबरोबर अतिसूक्ष्म हलतो. ते हलणं डोळ्याला दिसत नाही, बोटालाही कळत नाही, पण उपकरणांनी मोजलेलं आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत उलूखल (उखळ) प्रकारात काख, जांघ आणि दात या तिघांना एकत्र बसवलं आहे. चरकाने तर ३६० हाडं मोजताना ३२ दात वेगळे आणि त्यांच्या ३२ खोबण्या वेगळ्या मोजल्या. दात हे हाड नव्हे हे आज आपल्याला माहीत आहे, पण दात आणि त्याची खोबण यांच्यात एक सांधा आहे, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं. आजचं शरीरशास्त्रही तो सांधाच मानतं. मात्र त्या सांध्यातली दोन-तीन पानांएवढी फट आणि तिच्यातली टांगणी दिसायला सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

टांगणीचा दुसरा फायदा स्पर्शाचा. दातावरच्या एनॅमलमध्ये एकही मज्जातंतू नाही. तरी भाकरीत वाळूचा कण आला की तो कळतो. केस आला तरी कळतो. हे ज्ञान दंतबंधातल्या मज्जातंतूंचं. दात काही हजारांश मिलिमीटरनेच कलला तरी त्यांच्या टोकांना ओढ बसते आणि निरोप जातो. खडा दाढेखाली आल्यावर जबडा आपण विचार करण्याआधीच उघडतो, तोही त्यांच्याच निरोपामुळे. मक्याचं भाजलेलं कणीस, उसाचं पेर, शिजून मऊ झालेली वरणातली डाळ, प्रत्येकासाठी किती जोर लावायचा याचा हिशेब चावता चावता होत राहतो. कवळी घातलेली माणसं सांगतात की जेवणात आता ‘मजा’ राहिली नाही. चवीच्या गाठी जिभेवर शाबूत असतात. गेलेला असतो तो दंतबंधाचा स्पर्श.

बैलबाजारात जनावराचं तोंड उघडून दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला असं वय ठरवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कठीण गादी असते. खालचे दात तिच्यावर टेकतात आणि गवत तोडलं जातं. हे खालचे दात निरोगी जनावरातही जरा हलते असतात. ते रोग म्हणून नव्हे. पक्के असते तर समोरची गादी त्यांनी सोलून काढली असती. उलट आपल्या कुंपणावरच्या सरड्याचे दात जबड्याच्या काठावर थेट जोडलेले असतात, त्यांना खोबणच नसते. खोबण आणि दंतबंध ही सस्तन प्राण्यांची, आणि गंमत म्हणजे मगरीचीही, मिरास.

दात टांगलेला आहे म्हणूनच तो हलवताही येतो. मुलांच्या दातांना तार बसवतात तेव्हा नेमकं काय होतं? तार दाताला एका बाजूला हळूच ढकलत राहते. ज्या बाजूला दात दाबला जातो तिथे दंतबंध चेपला जातो, हाड खाणाऱ्या पेशी जमा होतात आणि खोबणीची भिंत पोखरतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तिथे हाड बांधणाऱ्या पेशी नवीन भिंत उभी करतात. दात हाडातून सरकत नाही, खोबणच दाताबरोबर चालत जाते. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणून या उपचाराला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि तारेचा जोर वाढवून तो लवकर उरकत नाही. तार काढल्यावर जुने ताणलेले तंतू दाताला मागे ओढू पाहतात. मूल रात्री दात जागी धरून ठेवणारा रिटेनर लावायला कंटाळलं तर पालकांनी हे त्याला समजावून सांगावं.

दुधाचे दात पडतात तेही मुळामुळेच. खालून पक्का दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचं मूळ खास पेशींकडून विरघळवलं जातं. बंध धरायला मूळच उरत नाही, मग दात जिभेने ढकलला तरी निघतो. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ का नाही, असं लहान मूल विचारतं त्याचं उत्तर हे. ते तुटून आत राहिलेलं नसतं.

आणि हाड? दात धरणारं हाड दातासाठीच असतं. दात काढला की त्याला काम उरत नाही आणि ते आक्रसू लागतं. दाढ काढल्यावर त्या जागच्या कडेची रुंदी पहिल्या वर्षातच जवळपास निम्मी होऊ शकते. म्हणून एकदा छान बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते. दोष नेहमीच कवळी करणाऱ्याचा नसतो. तिच्याखालची जमीन खचलेली असते.

इम्प्लांटची गोष्ट इथेच सांगायला हवी. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण निघेना, हाड त्याला चिकटून बसलेलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे टायटॅनियमचे खुंट बसवले. आज जिल्ह्याच्या गावातही ही सोय मिळते. पण इम्प्लांटला दंतबंध नसतो. तो हाडाला थेट जडलेला असतो, त्यामुळे त्यात ना स्पर्शाची ती बारकाई, ना झटका झेलणारी लवचीकता, ना तार लावून सरकण्याची सोय. वाढत्या वयाच्या मुलाला तो बसवत नाहीत, कारण जबडा वाढतो, शेजारचे दात पुढे येतात आणि इम्प्लांट जागीच राहतो. स्वतःचा दात वाचण्यासारखा असेल, तर तो वाचवणंच शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता या व्यवस्थेची दुखरी बाजू. माणसाच्या शरीरात हाडातून निघून कातडी भेदून बाहेर आलेली वस्तू एकच, दात. जिथून तो बाहेर येतो तिथे हिरडीची कड त्याला नुसती टेकलेली असते. कडेच्या आत एक ते तीन मिलिमीटर खोल फट असते आणि तिच्या तळाशी हिरडीची पातळ त्वचा दाताला चिकटून दार बंद करते. या फटीत अन्नाचा चिकट थर आणि जंतू साचले, त्यावर किटण चढलं की हिरडी सुजते, ब्रश केला की रक्त येतं. पुढे सूज आत उतरते. जंतूंशी लढायला आलेल्या शरीराच्याच पेशी तंतू आणि हाड नासवू लागतात. हे सगळं बहुधा न दुखता होतं, आणि हीच खरी अडचण. किडलेली दाढ ठणका देते म्हणून माणूस दवाखान्यात जातो. हिरडीचा रोग वर्षानुवर्षं गप्प असतो. एक दिवस दात बोटाने हलतो. तो वरखालीही दबू लागला, तर धरायला फार काही उरलेलं नसतं.

गावागावात एक समज ऐकू येतो, की डॉक्टरकडून दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं, किटणाचा दगडी थर दातांना एकमेकांशी जोडून धरत असतो. तो काढला की खरी परिस्थिती उघडी पडते. साफ करण्याने दात सैल झाला नाही, साफ करायला उशीर झाला. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या बाबतीत ज्या जागी ती दाबून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडून गार-गरम शिवशिवतं. मिश्रीने हिरड्या आवळतात असं आया-आज्या सांगत आल्या, पण तो तंबाखूच. बिडी-सिगारेट तर आणखी लबाड. धुराने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येत नाही आणि रोग लपून राहतो. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर खराब होतात आणि खराब हिरड्यांनी साखर आवरायला कठीण जाते.

दंतबंध स्वस्थ बसलेली वस्तू नाही, त्यातलं कोलॅजन सतत मोडलं आणि नव्याने बांधलं जातं, शरीरातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा वेगाने. कोलॅजन पक्कं व्हायला क जीवनसत्त्व लागतं. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांचे दात जुन्या काळी स्कर्व्हीने गळून पडत ते याचमुळे. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन फरक दाखवला. आपल्याकडे आवळा, पेरू आणि लिंबू असताना स्कर्व्हीची भीती फारशी नाही, पण तंतू रोज बांधावे लागतात हे लक्षात ठेवलेलं बरं.

माणूस गेल्यावरही या टांगणीचा पुरावा उरतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. तिथल्या उत्खननात ढवळीकर होते. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या दातांचा अभ्यास केला. जुन्या सांगाड्यांत नेहमी आढळतं ते असं: दंतबंध कुजून जातो, मग एका मुळाचे पुढचे दात खोबणीतून गळून मातीत पडतात आणि फाकलेल्या मुळांच्या दाढा अडकून राहतात. रिकाम्या खोबणीची कड धारदार असेल तर दात माणूस मेल्यानंतर पडला, हाड भरून गुळगुळीत झालं असेल तर जिवंतपणी गेला. हजारो वर्षांनंतरही एवढं वाचता येतं.

जाता जाता एक कामाची गोष्ट. मूल खेळताना पडलं, मोटारसायकल घसरली आणि पुढचा पक्का दात मुळासकट निघून हातात आला, तर तो मेला असं समजू नका. मुळावर फाटक्या दंतबंधाच्या पेशी अजून जिवंत असतात. तासभर कोरड्या राहिल्या तर बहुतेक मरतात. दात वरच्या चमकदार भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर गार पाण्यात किंवा दुधात क्षणभर बुडवा. घासू नका, साबण लावू नका, कापडात गुंडाळू नका. जमलं तर योग्य बाजूने लगेच खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर कपभर थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे पोचा. डॉक्टर तो बसवून साधारण दोन आठवडे लवचीक तारेने शेजारच्या दातांना बांधतात. मुद्दाम लवचीक, कारण अगदी घट्ट आवळलेला दात हाडालाच जोडला जातो आणि मग त्याचं मूळ हळूहळू विरघळतं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होते. ही माहिती शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आणि घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा.